खेळाडू आणि बिगरखेळाडू मुली : शारीरिक क्षमतेची तुलना चुकते कुठे, करायची कशी

दिवाळीची सुट्टी संपली की बी.पी.एड., एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणाच्या पदव्या) करणारी चार-पाच मुलं तरी तक्त्यांची फाईल घेऊन माझ्याकडे येतात. विषयात फारसा फरक नसतो. पुण्यातल्या अमुक शाळांमधल्या खेळाडू आणि बिगरखेळाडू मुलींच्या शारीरिक क्षमतेची तुलना. चाचण्या घेऊन झालेल्या असतात, टी मूल्यही (दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का ते जोखणारा आकडा) काढलेलं असतं. विचारायचं एवढंच असतं, "सर, हे निष्कर्षात कसं मांडू?" फाईल चाळल्यावर कळतं की खेळाडू मुली सकाळी सातला सिंथेटिक ट्रॅकवर धावल्या आणि बिगरखेळाडू मुली दुपारी बाराला शाळेच्या मुरमाच्या मैदानावर. आता मांडणार काय? बैल गेल्यावर झोपा करायला आलेली ही मंडळी असतात.

खाली दहा टप्पे दिलेत. पहिले पाच शिट्टी हातात घेण्याआधीचे आहेत आणि बहुतेक अभ्यास तिथेच फसतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिलं आहे.

## टप्पा १ : 'खेळाडू' कोण, ते लिहून काढा

क्रीडाशिक्षकांना "खेळाडू मुली द्या" म्हटलं की ते शाळेच्या संघांची यादी पुढे करतात. त्यात जिल्हा पातळीवर बुद्धिबळ खेळलेली मुलगी असते, कॅरमची असते, नेमबाजीची असते. त्या खेळाडू आहेत यात वादच नाही. पण ६०० मीटर धावायला त्यांना खो-खोच्या मुलींबरोबर एका गटात बसवलं, तर त्या गटाच्या मध्यमानातून (सरासरीतून) काही कळत नाही. म्हणून निकष प्रमाणपत्राचा ठेवू नका, सरावाचा ठेवा.

मी सहसा असा सुचवतो: गेले बारा महिने, आठवड्यातून किमान चार दिवस, दर वेळी किमान तासभर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मैदानी खेळाचा सराव, आणि त्या वर्षात आंतरशालेय किंवा त्यावरच्या पातळीवर सहभाग. तुमच्या सोयीने आकडे बदला. फक्त मुली निवडण्याआधी लिहा आणि नंतर हलवू नका.

बिगरखेळाडूची व्याख्या याहून अवघड, आणि पुण्यात तर फारच. संघात नाव नाही म्हणून मुलगी बिगरखेळाडू ठरत नाही. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्रात पथकाचा सराव करणारी मुलगी कमरेला ढोल बांधून तास-दोन तास वाजवत असते. सहा-सात वर्षं कथक शिकलेली मुलगी लवचीकतेत तुमच्या कबड्डीच्या कर्णधाराला सहज मागे टाकेल. दर रविवारी सिंहगड चढणारी, रोज पहाटे आजोबांबरोबर तळजाईला जाणारी, तीन-चार किलोमीटर सायकल हाणत शाळेत येणारी, यांच्यापैकी कोणाचीच शाळेच्या दप्तरात 'खेळाडू' म्हणून नोंद नसते. तेव्हा प्रश्नावलीत नावं घेऊन विचारा: नाच, ढोल-ताशा पथक, ट्रेकिंग, पोहणं, मल्लखांब, एनसीसी, सायकल. "तू खेळतेस का?" असं मोघम विचारलंत तर यातल्या बहुतेक जणी "नाही" म्हणतील.

शाळेचे शारीरिक शिक्षणाचे तास सोडून आठवड्याला एका तासाहून जास्त अशी हालचाल असेल, तर त्या मुलीला बिगरखेळाडू गटात घेऊ नका. ती खेळाडूच्या निकषातही बसत नसेल तर तिला अभ्यासातून वगळा, आणि अशा किती वगळल्या तो आकडा अहवालात द्या. परीक्षक तो विचारतातच.

तपासा: तुमची व्याख्या वाचून दुसऱ्या माणसाने वीस मुलींची यादी दोन गटांत वाटली, तर ती तुमच्यासारखीच वाटली जाते का? दोन-तीन नावांवर मतभेद झाला तर व्याख्या अजून सैल आहे.

## टप्पा २ : गट जुळवा

इथे सर्वांत जास्त गफलत होते. खेळाडू मुली एका शाळेच्या, बिगरखेळाडू दुसऱ्या शाळेच्या. एका शाळेला मोठं मैदान, डबा पौष्टिक, पालक सुस्थितीत; दुसरी पेठेतली, वर्गाबाहेर पडलं की फरसबंदी अंगण. मग दिसलेला फरक खेळाचा, खाण्याचा की घरच्या परिस्थितीचा, हे कोणतंही गणित सांगू शकत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक खेळाडू मुलीसाठी त्याच शाळेतली, त्याच इयत्तेतली, जन्मतारखेत फार तर तीन महिन्यांचा फरक असलेली बिगरखेळाडू मुलगी घ्या. ती हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून निवडा. "कोण येतंय गं चाचणीला?" असं वर्गात विचारलंत की उत्साही आणि चपळ मुलीच पुढे येतात. ज्यांची नोंद खरं तर हवी, त्या शेवटच्या बाकावर खाली बघत बसतात.

वयाबद्दल जास्त सावध राहा. मुलींमध्ये उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, पण एखादीला तो दहाव्या वर्षी तर एखादीला चौदाव्या वर्षी येतो. त्यामुळे 'वय १३ वर्षे' या एका रकान्यात शरीराने अजून लहान असलेली मुलगी आणि पूर्ण वाढलेली मुलगी शेजारी-शेजारी बसतात. वय पूर्ण वर्षांत लिहू नका. चाचणीच्या तारखेपर्यंतचे महिने काढा. जन्मतारीख शाळेच्या नोंदीतून घ्या, मुलीच्या तोंडून नको. जमल्यास पहिली पाळी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात आली तेही विचारा. विचारणारी व्यक्ती बाई असावी, एकांतात विचारावं, आणि उत्तर न देण्याची मोकळीक असावी. खेळाखेळातही हे बदलतं. जिम्नॅस्टिक्समध्ये उशिरा वयात येणाऱ्या, बारीक चणीच्या मुली जास्त टिकतात; बास्केटबॉलमध्ये उंच मुलींची निवड होते. म्हणजे खेळाने शरीर घडलं की शरीर पाहून खेळ मिळाला, हा प्रश्न गट पाडतानाच उभा असतो.

किती मुली घ्यायच्या? "गाईड म्हणाले तीस-तीस" हे उत्तर मी खूप ऐकतो. दोन गटांतला फरक मध्यम असेल (प्रमाण विचलनाच्या, म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती पसरल्यात त्या मापाच्या, निम्मा), तर तो ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात ६४ मुली लागतात. फरक मोठा असेल (प्रमाण विचलनाच्या ०.८ पट), तर २६ पुरतात. आजारपण, लग्नकार्य, क्लास यांमुळे गळती होतेच, म्हणून वर दहा टक्के जादा धरा.

## टप्पा ३ : चाचण्यांचा एकच संच घ्या

इथली चूक म्हणजे खिचडी. दोन चाचण्या आफरच्या (AAHPER या अमेरिकन शारीरिक शिक्षण संघटनेच्या), दोन खेलो इंडियाच्या (केंद्र सरकारच्या क्रीडा उपक्रमाच्या), एक कुठल्यातरी जुन्या प्रबंधातून. आफर युवक क्षमता चाचणी यार्डांत आहे: ५० यार्ड धाव म्हणजे ४५.७२ मीटर, ६०० यार्ड म्हणजे ५४८.६४ मीटर. खेलो इंडियाच्या संचात ५० मीटर आणि ६०० मीटर आहे. मैदानावर ५० मीटर धाववायचं आणि अहवालात ५० यार्डांचे प्रमाणक (तुलनेसाठी ठरवलेले आकडे) लावायचे, असं झालं की मुली होत्या त्यापेक्षा मंद ठरतात. निम्म्याहून जास्त फायलींत मला हे सापडलं आहे.

शालेय मुलींसाठी मी खेलो इंडियाचा संच सुचवतो. ९ ते १८ वयोगटासाठी त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, सिट अँड रीच (पाय पसरून बसून हात पुढे नेणं, लवचीकतेसाठी), पार्शल कर्ल-अप (उताणं झोपून पाठ अर्धवट उचलणं) आणि मुलींसाठी सुधारित पुश-अप (गुडघे टेकून) आहेत. साहित्य कमी लागतं आणि बऱ्याच शाळांतल्या शिक्षकांना तो माहीत असतो. चपळता आणि पायांची स्फोटक ताकद त्यात येत नाही. खो-खो, कबड्डी, बॅडमिंटनच्या मुली असतील तर शटल रन (दोन रेघांमध्ये ये-जा धावत ठोकळे आणणं) आणि जागेवरून लांब उडी जोडा, आणि 'जोडलेल्या चाचण्या' असं स्पष्ट लिहा.

मैदानच नसेल तर? पेठांतल्या कितीतरी शाळांना जेमतेम पंचवीस मीटरचं अंगण असतं. तिथे ६०० मीटरऐवजी २० मीटरची बीप टेस्ट (बीपच्या ठेक्यावर दोन रेघांमध्ये ये-जा धावणं) घ्या. ती ताशी ८.५ किलोमीटर वेगाने सुरू होते आणि दर मिनिटाला वेग ०.५ किलोमीटरने वाढतो. ती घ्यायची तर दोन्ही गटांना तीच घ्या. एका शाळेत ६०० मीटर आणि दुसऱ्या शाळेत बीप, अशी जोडजुळणी करू नका.

सावधान: सिट अँड रीचच्या पेटीवर तळपाय टेकतात ती रेघ कुठे २३ सेंटिमीटरवर असते, कुठे २६ वर, तर कुठे १५ वर. माझ्या स्वतःच्या एम.पी.एड.च्या वेळी मी एका शाळेची पेटी वापरली, दुसऱ्या शाळेत तिथलीच दुसरी घेतली. दुसऱ्या शाळेच्या सगळ्या मुली एकदम ताठर निघाल्या. तीन आठवडे मी त्याची कारणं शोधत होतो, चक्क एक परिच्छेदही लिहून ठेवला होता. पेटी एकच ठेवा, ती सोबत न्या, आणि रेघ किती सेंटिमीटरवर आहे ते अहवालात लिहा.

## टप्पा ४ : परवानगी, संमती आणि तब्येत

मुख्याध्यापिकांचं पत्र, पालकांची लेखी संमती आणि मुलीची स्वतःची संमती, हे तिन्ही हवं. पालकांनी सही केली म्हणून मुलीला धावावंच लागेल असं नाही. मध्येच "नको" म्हणाली तर थांबवा. महापालिकेच्या शाळेत शिक्षण विभागाची परवानगी वेगळी लागते आणि तिला वेळ लागतो, तेव्हा ते पत्र सर्वांत आधी टाका.

पालकांना मराठीत, साध्या भाषेत लिहा. "आपल्या पाल्याच्या रुधिराभिसरण दमदारपणाचे मापन" असं लिहिलंत तर अर्धे फॉर्म परत येणार नाहीत. "मुलीला दीड फेरी धावायला सांगू, दमली तर ती चालू शकते" असं लिहा.

आरोग्याची प्रश्नावली संमतीपत्रालाच जोडा: दमा, हृदयाचा त्रास, फिट, चक्कर येणं, सहा महिन्यांतलं फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रिया. पुण्यात पावसाळ्यानंतर आणखी एक प्रश्न हवाच: दोन महिन्यांत डेंगी किंवा चिकुनगुनिया झाला होता का? चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात, आणि अशी मुलगी धावण्यात मागे पडली तर त्याचा खेळाशी संबंध नसतो.

रक्तक्षय हा या तुलनेतला छुपा भिडू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. बारा वर्षांपुढच्या मुलींसाठी हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असलं की तो रक्तक्षय. ६०० मीटरच्या वेळेवर त्याचा थेट परिणाम होतो. शाळेच्या आरोग्य तपासणीत हिमोग्लोबिनची अलीकडची नोंद असेल तर पालकांच्या परवानगीने ती घ्या. नसेल तर तुमच्या अभ्यासाची ती मर्यादा म्हणून लिहा.

## टप्पा ५ : तारीख, मैदान, माणसं

पुण्यात या कामाला योग्य दिवस तुम्हाला वाटतात त्याहून कमी आहेत. जून ते सप्टेंबर मैदानं ओली. नवरात्रात कितीतरी मुली उपास करतात. दिवाळीच्या सुट्टीत खेळाडूंचा सराव तुटतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात स्नेहसंमेलनं, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, आणि त्यापुढे ऊन. हाती राहतात ते दिवाळीनंतर शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस, आणि जानेवारी. त्यातले मार्गशीर्षातले गुरुवार टाळा. घरोघरी उपास असतात आणि मुली सकाळी चहावर शाळेत येतात.

दोन्ही गटांची चाचणी एकाच मैदानावर, एकाच वेळी. एका तुकडीत निम्म्या खेळाडू, निम्म्या बिगरखेळाडू. सणस मैदान किंवा बालेवाडीचा सिंथेटिक ट्रॅक मिळत असेल तर सगळ्यांना तिथे न्या, नाहीतर सगळ्यांना शाळेच्या मैदानावरच धाववा. वेळ सकाळी साडेसात ते दहा. डिसेंबरात सातच्या आधी गारठा इतका असतो की अंग मोकळं व्हायलाच वेळ जातो.

बुटांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण किरकोळ नसतो. खेळाडू मुली स्पाइक्स किंवा चांगले स्पोर्ट शूज घालून येतात, बाकीच्या शाळेचे काळे बूट घालून. मुरमावर वळताना काळे बूट घसरतात आणि शटल रनमध्ये त्याचाच फरक दिसतो. सगळ्यांना पांढरे कॅनव्हास सांगा. स्पाइक्स कोणालाही नकोत.

साहित्य: चार स्टॉपवॉच, स्टीलची ३० मीटर टेप, फक्की, कोन, डिजिटल वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, पेटी, चटया, छातीवर लावायचे क्रमांक, पाणी, ओआरएस, प्रथमोपचार पेटी. सावलीत एक सतरंजी अंथरून ठेवा. १०८ क्रमांक सगळ्या मदतनिसांना माहीत असू द्या. मैदानावर एक शिक्षिका पूर्ण वेळ हवी.

सावधान: छातीवरचे क्रमांक मिसळून द्या. १ ते ६० खेळाडू आणि ६१ ते १२० बिगरखेळाडू असं केलंत की वेळ घेणाऱ्याला धाव सुरू होण्याआधीच कळतं की कोण जिंकायला हवं, आणि अंगठा त्याप्रमाणे दाबला जातो. क्लबची जर्सी त्याच कारणासाठी नको.

## टप्पा ६ : रंगीत तालीम

मुख्य चाचणीत नसलेल्या दहा-पंधरा मुली घ्या आणि सगळं करून पाहा. आठवड्याने त्याच मुलींची तीच चाचणी पुन्हा घ्या. दोन्ही वेळच्या नोंदी जवळजवळ सारख्या आल्या नाहीत तर दोष सहसा मोजणाऱ्यांचा असतो. एकाच धावेची वेळ दोन मदतनिसांनी घेतली आणि त्यात ०.३ सेकंदांचा फरक पडत असेल, तर आधी त्यांचा सराव घ्या.

याच आठवड्यात मुख्य अभ्यासातल्या सगळ्या मुलींना एकदा ६०० मीटर हलक्या वेगाने पळवून घ्या. हे बहुतेक जण गाळतात. खेळाडू मुलीला वेग कसा राखायचा ते ठाऊक असतं. बाकीच्या पहिले दोनशे मीटर वाघ मागे लागल्यासारख्या पळतात आणि उरलेलं अंतर पोटाला हात लावून चालतात. तुम्ही तिथे दम मोजत नाही, अनुभव मोजता.

## टप्पा ७ : चाचणीचा दिवस

क्रम असा ठेवा आणि कोणासाठीही मोडू नका: उंची, वजन, आठ-दहा मिनिटं हलका व्यायाम, सिट अँड रीच, जागेवरून लांब उडी, शटल रन, ५० मीटर, कर्ल-अप आणि पुश-अप, सर्वांत शेवटी ६०० मीटर. दमवणारं काम शेवटी, एवढंच यातलं सूत्र. ६०० मीटर वेगळ्या दिवशी घेता आलं तर उत्तम.

आदल्या दिवशी सांगून ठेवा: रात्री नीट झोप, सकाळी दोन तास आधी पोहे-उपमा असं काहीतरी खाऊन या. सरावाच्या मुलींना आदल्या दिवशी जोरकस सराव नको. पाळी चालू असलेल्या मुलीने शिक्षिकेला सांगितलं तर तिला दुसरी तारीख द्या, कारण विचारू नका.

उंची-वजन. बूट-मोजे काढून. दुमडून रिबिनीने बांधलेल्या वेण्या, अंबाडा, हेअरबँड सोडायला लावा. नाहीतर उंचीत दोन सेंटिमीटर केसांचे असतात. टाचा, पाठ भिंतीला, आणि डोळ्याची खालची कड व कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे सेंटिमीटरभर उंच असतो, त्यामुळे हे मापही सगळ्यांचं सकाळीच घ्या. काट्यावर दहा किलोची प्लेट ठेवून तो बरोबर दाखवतो का ते दर तासाला पाहा. ४५ किलो, १.५२ मीटर म्हणजे बीएमआय १९.५. हा आकडा मोठ्यांच्या १८.५ आणि २५ च्या मापाने जोखू नका. वय आणि लिंगानुसार बनवलेले तक्ते वापरा, जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे किंवा भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे.

सिट अँड रीच. गुडघे वर येऊ देऊ नका, मदतनिसाने हात ठेवावा पण दाबू नये. झटका मारून पुढे गेलेलं माप धरू नका. टोकाला दोन सेकंद थांबायला हवं.

लांब उडी. रेघेपासून मागच्या टाचेपर्यंत मोजा. तोल जाऊन हात मागे टेकला तर हातापर्यंत. तीन प्रयत्न, सर्वांत चांगली नोंद.

शटल रन. ठोकळा रेघेपलीकडे ठेवायचा, फेकायचा नाही. फेकला तर प्रयत्न रद्द. अंतर ३० फूट (९.१४ मीटर) की १० मीटर, ते आधी ठरवा.

५० मीटर. सुरुवात शिट्टीने देऊ नका. आवाजाला ५० मीटर जायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात, म्हणजे शेवटच्या रेघेवरचा माणूस तेवढा उशिरा घड्याळ सुरू करतो. झेंडा खाली आणा आणि वेळ घेणाऱ्याला झेंड्याकडे पाहायला सांगा. शेवटच्या रेघेपुढे पाच मीटरवर आणखी एक कोन ठेवा आणि मुलींना तिथपर्यंत पळायला सांगा, नाहीतर नवख्या मुली रेघेच्या आधीच सावकाश होतात. घड्याळावर दोन दशांश दिसतात म्हणून ७.८३ लिहू नका. हाताने घेतलेल्या वेळेत दुसऱ्या दशांशाला अर्थ नसतो.

कर्ल-अप. ठेक्यावर मोजायचे की ठरावीक सेकंदांत जास्तीत जास्त, दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. एक धरा. मोजणारी मैत्रीण नको. मैत्रीण दोन-तीन जास्तच मोजते.

६०० मीटर. एका वेळी सहा-आठ मुली. फेऱ्या मोजायला प्रत्येकीमागे एक जण. प्रोत्साहनाची वाक्यं दोन्ही गटांना तीच. प्रशिक्षकांना प्रेमाने चहाला पाठवा. ते ट्रॅकच्या कडेला उभे राहिले की फक्त आपल्याच मुलींच्या नावाने ओरडतात.

## टप्पा ८ : नोंदी संगणकात घेताना

६०० मीटरची वेळ २ मिनिटं ३५ सेकंद. तक्त्यात लिहिली जाते २.३५. संगणक ती दोन पूर्णांक पस्तीस शतांश मिनिटं समजतो, म्हणजे १४१ सेकंद. खरी वेळ १५५ सेकंद. दोनेकशे नोंदी अशा भरल्या की मध्यमान, प्रमाण विचलन सगळंच वाया. मैदानावरच सेकंदांत लिहा.

मूळ कागद जपून ठेवा. दोघांनी वेगवेगळ्या नोंदी भराव्यात आणि मग ताडून पाहाव्यात. नावांऐवजी क्रमांक वापरा; नाव आणि क्रमांकाची यादी वेगळ्या कुलपात.

तपासा: प्रत्येक रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा बघा. ५० मीटरमध्ये ५.१ सेकंद किंवा उंचीत १५.२ सेंटिमीटर दिसलं तर मूळ कागदाकडे जा. पटत नाही म्हणून आकडा खोडू नका.

## टप्पा ९ : आकडेमोड

जोड्या जुळवून मुली घेतल्या असतील तर जोडीची टी चाचणी, नाहीतर स्वतंत्र गटांची. कर्ल-अप, पुश-अपमध्ये बऱ्याच बिगरखेळाडू मुलींची नोंद शून्य किंवा एक-दोन येते. तिथे वितरण एका बाजूला कललेलं असतं, म्हणून टी ऐवजी क्रमांकांवर चालणारी चाचणी बरी: स्वतंत्र गट असतील तर मान-व्हिटनी, जोड्या असतील तर विलकॉक्सन.

टी मूल्यावर थांबू नका. समजा (हे आकडे उदाहरणापुरते आहेत) प्रत्येक गटात ६४ मुली आहेत. ५० मीटरला खेळाडूंचं मध्यमान ८.९ सेकंद, प्रमाण विचलन ०.७; बिगरखेळाडूंचं ९.६ आणि ०.८. फरक ०.७ सेकंद, टी मूल्य ५.२७. फरकाची ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा फरक ज्या दरम्यान असावा तो पल्ला) सुमारे ०.४४ ते ०.९६ सेकंद आणि परिणामाचं माप (फरक भागिले प्रमाण विचलन) ०.९३, म्हणजे मोठं. 'सार्थक फरक आढळला' या तीन शब्दांपेक्षा यातून वाचणाऱ्याला खूप जास्त कळतं. आणि पी मूल्य (फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता) संगणकाने ०.००० दाखवलं तरी तसं लिहू नका, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा.

धावण्याच्या चाचणीत कमी आकडा चांगला, उडीत जास्त आकडा चांगला. "बिगरखेळाडू मुलींचं मध्यमान जास्त असल्याने त्यांचा वेग जास्त आहे" हे वाक्य मी छापील प्रबंधात वाचलं आहे. हसू नका, तुमच्याही हातून होईल.

सगळ्या चाचण्या मिळून एक एकूण गुण काढायचा असेल तर सेकंद आणि सेंटिमीटर यांची थेट बेरीज करता येत नाही. आधी टी गुणांक काढा (५० अधिक दहा पट प्रमाणित गुण; प्रमाणित गुण म्हणजे मध्यमानापासूनचं अंतर भागिले प्रमाण विचलन), आणि वेळेच्या चाचण्यांत अधिकच्या जागी वजा करा.

सहा चाचण्या ०.०५ च्या सार्थकता पातळीवर घेतल्या, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही एखाद्या चाचणीत 'सार्थक' उत्तर मिळण्याची शक्यता २६ टक्क्यांच्या घरात जाते. पातळी सहाने भागून ०.००८ घ्या. फरक खरा असेल तर तो त्यातूनही टिकतो.

## टप्पा १० : निष्कर्षात काय लिहायचं, काय नाही

"खेळामुळे मुलींची शारीरिक क्षमता वाढते" हे वाक्य तुमच्या अभ्यासातून निघत नाही. तुम्ही मुलींना एकदाच मोजलं आहे. ज्या मुली मुळातच चपळ होत्या त्यांनाच पाचवीत असताना सरांनी संघात घेतलं असेल. ज्यांना लवकर दम लागायचा त्यांनी दुसऱ्या महिन्यात खेळ सोडला असेल. त्यामुळे "या निकषानुसार निवडलेल्या खेळाडू मुलींची नोंद अमुक चाचण्यांत अमुक इतकी चांगली आढळली" इथे थांबा. खेळाचा परिणाम दाखवायचा असेल तर बिगरखेळाडू मुलींचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करून, एकाला बारा आठवडे सराव देऊन, आधी आणि नंतर मोजावं लागेल. तो वेगळा अभ्यास आहे.

लवचीकतेत किंवा बीएमआयमध्ये फरक आला नाही तर तेही त्याच ठळकपणे लिहा. ताकदीचा सराव करणाऱ्या मुलीचं वजन जास्त भरू शकतं आणि त्यामागे स्नायू असतात. बीएमआयला तो भेद कळत नाही. पुण्यातल्या चार शाळांवरून 'महाराष्ट्रातील मुली' असंही म्हणू नका.

राहिलं एक काम, ते अहवाल जमा करण्याआधी उरका. प्रत्येक मुलीला तिच्या नोंदींची चिठ्ठी घडी घालून, पाकिटात द्या. वजन आणि बीएमआय वर्गात मोठ्याने वाचू नका, फळ्यावर क्रमवारी लावू नका. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलींच्या पालकांना वेगळं बोलवा. आणि बिगरखेळाडू गटाची यादी पुन्हा एकदा बघा. कोणत्याही संघात नसून ६०० मीटरमध्ये निम्म्या खेळाडूंच्या पुढे आलेल्या दोन-तीन मुली तिच्यात दरवेळी निघतात. क्रीडाशिक्षकांना त्यांची नावं सांगण्याआधी त्या मुलींना विचारा.